आखाड्यावरचे तीन ट्रॅक्टर, अकरा अवजारं : जोडणीच्या प्रकल्प नोंदी

२२ फेब्रुवारी

परवा संध्याकाळी आमचा मिनी ट्रॅक्टर धुऱ्यावर, म्हणजे रानाच्या बांधावर, उभा राहिला. मागं माती फोडणारा पाच फुटी रोटाव्हेटर उचललेला होता. पुढची चाकं धुऱ्याच्या चढाला लागली आणि तोंड जे वर गेलं ते खाली येईना. स्टिअरिंगवर माझा चुलतभाऊ होता, एकोणीस वर्षांचं लेकरू. त्यानं क्लच दाबला आणि अवजार खालीवर करायच्या लिफ्टचा लिव्हर पुढं ढकलला. रोटाव्हेटर जमिनीला टेकला, तेव्हा तोंड खाली आदळलं. पुढच्या एक्सलची पिन वाकली, त्याच्या कपाळाला खोक पडली. क्लच दाबायच्या ऐवजी रेस दिली असती तर आज ही वही लिहायला मी बसलो नसतो.

तो रोटाव्हेटर मिनीला लावायला मीच सांगितलं होतं. मोठा ट्रॅक्टर दुसऱ्याच्या रानात गेलेला, कापसाचं दीड एकर रान राहिलेलं. अवजाराच्या पिना ट्रॅक्टरच्या आर्मच्या टोकाला असलेल्या भोकाच्या बॉलमध्ये बसल्या, रोटाव्हेटर फिरवणारा शाफ्ट बसला, लिफ्टनं उचललाही. म्हटलं, बसतंय तर चालतंय. आता खरिपाच्या आत आखाड्यावरचं, म्हणजे रानातल्या आमच्या वस्तीवरचं, एकेक अवजार मोजायचं आणि कोणतं कोणत्या ट्रॅक्टरला चालतं ते ठरवून त्यावर रंगानं लिहायचं. तोवर पाच फुटी मिनीला लावायचा नाही.

आखाडा जिंतूर तालुक्यात, येलदरी धरणाच्या बाजूला. रान बहुतेक भारी काळं, वरच्या अंगाला थोडं मुरमाड. ट्रॅक्टर तीन. शेतकरी गटाचे दोन, एक ३९ एचपीचा आणि एक ५० एचपीचा. तिसरा आमच्या बचत गटाचा १८ एचपीचा मिनी, समाजकल्याणच्या योजनेतला. त्या योजनेत अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या बचत गटांना ९ ते १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची उपसाधनं मिळतात. आम्ही घेतला तेव्हा मर्यादा साडेतीन लाखांची आणि अनुदान ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार. गटातल्या दहा घरांचा हा पहिला ट्रॅक्टर आहे. तो मोडला तर दुसरा येणार नाही, म्हणूनही ही मोजमापं.

अवजारं अकरा : सहा फुटी आणि पाच फुटी असे दोन रोटाव्हेटर, दोन फाळांचा हायड्रॉलिक पलटी नांगर, नऊ फणांचे दोन कल्टिव्हेटर, पाच फणांचा एक, बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) पेरणी यंत्र, साधं पेरणी यंत्र, सरीचा रिझर, वखर आणि फळी. शिवाय दोन ट्रॉल्या.

२४ फेब्रुवारी

आज दिवसभर पिनांची जाडी मोजायचा व्हर्नियर हातात. मिस्त्रीकडून मागून आणला.

अवजार ट्रॅक्टरला जोडायचं थ्री पॉइंट म्हणजे खाली दोन आर्म आणि वर टॉप लिंक, हे ट्रॅक्टर चालवणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. पण या तीन ठिकाणांची मापं ठरलेली आहेत आणि त्यांचे वर्ग पडतात, हे आमच्या आखाड्यावर कुणी कधी बोललेलं नव्हतं. आयएसओ ७३० नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात ही मापं आहेत. पहिल्या वर्गात खालची पिन २२ मिलिमीटर, वरची १९. दुसऱ्या वर्गात खालची २८, वरची २५. खालच्या दोन पिनांमधलं अंतर पहिल्या वर्गात ६८३ मिलिमीटर, म्हणजे २७ इंचाला जरासं कमी. दुसऱ्यात ८२५, साडेबत्तीस इंच. त्याहून मोठ्या ट्रॅक्टरांना तिसरा वर्ग, तो आमच्याकडं लागतच नाही. मिनीत मात्र अरुंद पहिला वर्गही असतो, त्यात पिना २२ च्याच पण अंतर ४०० मिलिमीटर. बागेतल्या लहान अवजारांना ते बरं पडतं.

आमचा मिनी साध्या पहिल्या वर्गात बसला. ३९ आणि ५० दोन्ही दुसऱ्या वर्गातले. म्हणजे एचपीत अकराचा फरक असला तरी या दोघांच्या पिना एकच. मामा, ५० चे ड्रायव्हर, बाजूला बिडी ओढत बसले होते. ते म्हणाले, "मंग आतापर्यंत काय चुकीचं करत होताव आपण?" मी त्यांना जुना नऊ फणी दाखवला.

या कल्टिव्हेटरच्या खालच्या पिना २२ च्या आहेत. तो वर्षानुवर्षं २८ च्या बॉलमध्ये फिरतोय. सहा मिलिमीटरचा गाळा. पिनेला बोट लावलं तर एका बाजूनं सपाट लागते, दुसऱ्या बाजूला कडा आलेली. डाव्या पिनेवर सायकलची ट्यूब गुंडाळलेली आणि तीही चेपून कागदासारखी झालेली. उजवा बॉल काढून उन्हात धरला, भोक गोल राहिलेलंच नाही, अंड्यासारखं झालंय. लिफ्ट खालीवर करताना "टक" असा आवाज येतो तो इथला. आम्ही इतके दिवस तो लिफ्टचा आवाज समजत होतो आणि तेल बदलत होतो.

उलटं उदाहरण पाच फणीचं. तो कुणीतरी मोठ्या ट्रॅक्टरच्या मापाचा केलेला, पिना २८ च्या. मिनीच्या बॉलमध्ये जात नव्हत्या म्हणून ग्राइंडरनं घासून २२ ला आणल्या. घासलेल्या पिनेवरचं कडक कवच गेलं, आता आतलं मऊ लोखंड झिजतंय. पिन निसटू नये म्हणून घालायच्या लिंच पिनेचं भोकही कडेला आलं. अशी पिन रस्त्यात तुटली तर अवजार एका अंगावर पडून मागच्या टायरला लागेल.

आणि तो पाच फुटी रोटाव्हेटर. त्याला पायरीची पिन आहे, टोकाला २२, मुळाशी २८. कंपनीनं ती सोयीसाठीच दिलेली. ती दोन्हीकडं बसते, आणि आम्ही फसलो ते तिथंच.

२७ फेब्रुवारी

मोंढ्यातून बुश आणले, खालचे २२ वर २८ चे सहा आणि वरचे १९ वर २५ चे तीन. बुश म्हणजे पोलादी नळीचा तुकडा, आतून लहान, बाहेरून मोठा; पिनेवर चढवला की गाळा संपतो. पहिल्या वर्गाचं अवजार दुसऱ्या वर्गाच्या ट्रॅक्टरला लावायचा हा सरळ मार्ग आहे, आणि कल्टिव्हेटरच्या एका वर्षाच्या बॉलपेक्षा कितीतरी स्वस्त. उलट दिशेला बुश नाही. मोठी पिन लहान बॉलमध्ये घालायची तर पिनच बदलावी लागते. पाच फणीच्या पिना मिस्त्रीकडं टाकल्यात.

मिस्त्रीनं आणखी एक दाखवलं. पिन जमली तरी अंतर जमलं पाहिजे. ६८३ च्या अवजाराला ८२५ चे आर्म आत ओढून लावले की ते तिरके राहतात आणि टायरच्या आतल्या अंगापासून लांब जातात. ८२५ चं अवजार मिनीला लावलं तर आर्म बाहेर फाकतात, लिफ्टच्या उभ्या रॉडवर तिरका ताण येतो आणि वळताना आर्म टायरला घासतो. आमच्या मिनीच्या उजव्या टायरच्या आतल्या बाजूला हाताएवढी चकाकी आहे. आता कळलं कशाची.

४ मार्च

आजचा दिवस मोठा. तिन्ही ट्रॅक्टर जिनिंगच्या वजनकाट्यावर नेले. कापसाची आवक संपत आलीय म्हणून काटा दुपारी मोकळा होता, काटेवाल्या काकांनी पावतीचे पैसेही घेतले नाहीत.

पद्धत अशी. आधी पूर्ण ट्रॅक्टर काट्यावर. मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मागची बाहेर सपाट जमिनीवर. मग अवजार लावून, पूर्ण उचलून, पुन्हा फक्त पुढची चाकं. मागं उचललेलं अवजार म्हणजे तराजूची दांडी : मागचा एक्सल हा खुंटा, अवजार एका टोकाला, पुढची चाकं दुसऱ्या टोकाला. अवजार जितकं जड आणि जितकं लांब, तितका पुढचा भाग हलका. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाच्या निदान २० टक्के भार पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग लागत नाही, हा सर्वमान्य नियम आहे.

मिनी : एकूण ८६० किलो, पुढं ३४०. पाच फुटी रोटाव्हेटर (४१० किलो) उचलून पुढं फक्त ४०.

काटेवाल्या काकांनी आकडा पुन्हा पाहिला, मला वाटलं काटा बिघडला. चाळीस किलो. नियमाप्रमाणं १७२ पाहिजेत. चुलतभाऊ माझ्या शेजारी होता, कपाळाला अजून पट्टी. तो काही बोलला नाही. पुढं येऊन त्यानं एका हातानं मिनीचा बंपर वर उचलला. दोन्ही टायर जमिनीवरून सुटायला आले. मग हळूच खाली ठेवला. त्या संध्याकाळी धुऱ्यावर काय झालं ते मला तेव्हा पुरतं कळलं. सपाट काट्यावर चाळीस राहतात, चढाला तेही मागं जातात.

उरलेला भार गेला कुठं? मागच्या एक्सलवर. मिनीच्या मागच्या चाकांवर एरवी ५२० किलो, रोटाव्हेटर उचलला की १२३०. लिफ्टनं उचललं ही गोष्ट खरीच होती. कंपनीच्या पुस्तकात उचलायची क्षमता ४१० पेक्षा जास्त लिहिलेली आहे. लिफ्टची ताकद आणि पुढचा तोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय पुस्तकातला आकडा आर्मच्या टोकाला मोजलाय का त्याच्या ६१० मिलिमीटर मागं, तेही पाहावं लागतं. अवजाराचं वजन आर्मच्या टोकावर नसतं, मागंच असतं.

बाकीचे आकडे. ३९ चा ट्रॅक्टर १८४० किलो, पुढं ७२०. पाच फुटी लावून ४४०, म्हणजे सुमारे २४ टक्के. चालेल. त्यालाच पलटी नांगर (४३० किलो) लावला तर ३७०, अगदी काठावर. वजन रोटाव्हेटरएवढंच, पण नांगर लांब, म्हणून तोल जास्त मागं जातो. ५० चा २१५० किलो, पुढं ८६०. सहा फुटी (४८० किलो) लावून ५३०, पलटी लावून ५१०. दोन्ही चालतील.

नांगर ३९ ला लावायचाच झाला तर पुढं बंपरच्या वजनाच्या पट्ट्या घातल्याशिवाय नाही. लिहून ठेवलं.

९ मार्च

मिनीसाठी तीन फुटी जुना रोटाव्हेटर पाहून आलो. २१० किलो. काट्यावर नेऊन पाहिला, मालकाला आश्चर्य वाटलं पण आला बिचारा सोबत. पुढं २०० राहिले. घेतला.

२१ मार्च

हरभरा निघाला, रान मोकळं झालं. आज ओढ मोजली.

मामांचा प्रश्न पंधरा दिवस चालू होता : "वजनाचं समजलं. पन मिनीला येक फाळ लावून नांगर का न्हाई चालणार? अठरा एचपी हाय की." प्रश्न बरोबर होता. उत्तर मोजूनच द्यायला पाहिजे होतं.

जिनिंगमधून तीन टनांचा टांगता काटा आणला. पुढं ५०, मागच्या चाकात पाणी भरून जड केलेला. त्याच्या ड्रॉबारला, म्हणजे मागच्या खालच्या ओढदांडीला, साखळी, साखळीत काटा आडवा, काट्याच्या दुसऱ्या हुकाला ३९ चं पुढचं टोक. ३९ न्यूट्रलमध्ये, इंजिन फक्त लिफ्टपुरतं चालू, मागं पलटी नांगर. म्हणजे ५० ओढतो, ३९ नुसता नांगर धरून मागं येतो आणि काटा सगळी ओढ दाखवतो. काट्याला गोणपाट गुंडाळला. साखळी तुटली तर सापासारखी येते, म्हणून दोन्ही बाजूंना वीस पावलांत कुणाला उभं राहू दिलं नाही. आकडा वाचायला मोबाइल काट्याच्या दांडीलाच बांधला आणि व्हिडिओ चालू केला.

नांगर उचलून नुसतं ओढलं : १६० किलो. नांगर १८ सेंटिमीटर लावून : आकडा ८५० ते १०८० मध्ये नाचत होता, सरासरी ९७० धरली. म्हणजे नांगराची स्वतःची ओढ ८१०. दोन फाळ, प्रत्येकी ३० सेंटिमीटर, खोली १८. हिशेब केला तर माती चौरस सेंटिमीटरला पाऊण किलो ओढ घेत होती. भारी काळ्या रानात, वरून वाळलेलं आणि आत थोडी ओल असताना. शंभर मीटर जायला ९५ सेकंद लागले.

८१० किलो, त्या वेगानं, म्हणजे साडेअकरा एचपीच्या आसपास. हा आकडा ऐकून मामा उठून उभेच राहिले. "मंग अठरावाल्याला दोन फाळ बी ओढायला पायजेत!"

इथंच खरी गोम आहे, आणि माझ्या मते सगळ्या आखाड्यांवर हीच चुकते. एचपी इंजिनात तयार होते. मातीत ती उतरवतात चाकं. चाक जमिनीला जेवढं दाबून धरतं तेवढंच ओढतं. आपल्या रानात मागच्या चाकांवरच्या भाराच्या निम्म्याच्या आसपास ओढ मिळाली तर चांगली म्हणायची. मिनीच्या मागच्या चाकांवर ५२० किलो. ओढताना अवजाराचा थोडा भार त्यावर येतो, तो धरूनही तीनशे, फार तर साडेतीनशे किलोपर्यंत तो नेटानं ओढेल. ८१० मागितले तर चाकं जागेवर फिरतील, डिझेल जळेल आणि काळ्या रानात दोन खड्डे पडतील. शिवाय इंजिनाची सगळी अठरा एचपी ड्रॉबारला येतच नाही. भुसभुशीत रानात निम्मी आली तरी पुष्कळ. एक फाळ १५ सेंटिमीटर लावला तर कागदावर साडेतीनशेच्या आत येतं. पण रान कडक लागलं, एखादा दगड आला, की पुढचं मिनीच्या ताकदीबाहेर.

मामा शांतपणं ऐकत होते. मग म्हणाले, "बैलाचं बी असंच असतंय. हलका बैल कितीबी चपळ असला तरी भारी रानात खूर टिकत न्हाई." मी दोन आठवडे जे सांगायचा प्रयत्न करत होतो, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. वहीत त्यांच्याच शब्दांत ठेवतोय.

कल्टिव्हेटरची ओढही घेतली : नऊ फणी, १२ सेंटिमीटर, ४९० किलो. फणामागं सरासरी ५४. म्हणजे पाच फणी मिनीला २७० च्या जवळपास मागेल. बसतं. योजनेत मिनीसोबत लहान कल्टिव्हेटर का देतात, त्याचा हिशेब आज हाताला लागला.

२२ मार्च

कालचं घसरणंही मोजून टाकलं. ३९ च्या मागच्या टायरवर खडूची रेघ मारली. रिकाम्या ट्रॅक्टरचे चाकाचे दहा फेरे : ३९.६ मीटर. नांगर लावून दहा फेरे : ३१.७ मीटर. २० टक्के घसरतंय. पंधराच्या आसपास असतं तर चाललं असतं. ५० ला तोच नांगर, तीच खोली : १३ टक्के. पलटी ५० चाच.

३० मार्च

संध्याकाळी पोरं जमली होती. कुणीतरी विचारलं, तीनच पॉइंट का, दोन किंवा चार का नाहीत.

चार ठेवले तर खडबडीत जमिनीवर एक नेहमी अधांतरी राहणार, तिपाई कशीही ठेवली तरी डुलत नाही, हे त्यातलं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं हॅरी फर्ग्युसनकडं. आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्या काळात नांगर ट्रॅक्टरमागं साखळीनं किंवा हुकानं ओढायचे; फाळ खडकात अडकला की चाकं फिरत राहायची आणि ट्रॅक्टर मागं उलटून ड्रायव्हरवर पडायचा. फर्ग्युसननं नांगर ट्रॅक्टरचाच अवयव केला. १९२६ मध्ये त्याला हायड्रॉलिकवर चालणाऱ्या जोडणीचं पेटंट मिळालं, आणि १९३९ मध्ये फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरवर ती मोठ्या प्रमाणात शेतात गेली. फाळावर ओढ वाढली की खालचे आर्म ओढले जातात आणि टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढं दाबते. तो दाब तोंड खाली धरून ठेवतो, आणि तोच दाब ओळखून लिफ्ट नांगर किंचित वर घेते. आपण ज्याला ड्राफ्ट कंट्रोल म्हणतो ते हे.

म्हणून टॉप लिंक कोणत्या भोकात लावली याला अर्थ आहे. आमच्या ५० ला कंसात तीन भोकं आहेत आणि आम्ही कायम मधल्यात लावत आलो, कारण विकत घेतला तेव्हा तिथं होती. पुस्तक काढून वाचलं : हलक्या कामाला एक, जड कामाला दुसरं. नांगराला ड्राफ्ट, रोटाव्हेटर आणि पेरणी यंत्राला पोझिशन, म्हणजे लिफ्ट एकाच उंचीवर धरायची. पोरांनी एकमेकांना तीनतीनदा सांगून पाठ केलं.

आणि ट्रॉली टॉप लिंकच्या कंसाला कधी बांधायची नाही. फसलेली ट्रॉली, तुटलेलं झाड, काहीही असो. ओढ मागच्या एक्सलच्या वर गेली की फर्ग्युसनच्या आधीचा तोच अपघात होतो. माझ्या आजोळी असा एक माणूस गेलाय. ओढायचं ते खालच्या ड्रॉबारनंच.

११ एप्रिल

रोटाव्हेटरचे शाफ्ट. आज पहिल्यांदा कापायला घेतले.

नवा शाफ्ट सगळ्यांना चालावा म्हणून लांब येतो. मिनीचा आर्म आखूड, त्यामुळं पीटीओपासून (इंजिनाची ताकद अवजाराला देणारं ट्रॅक्टरचं मागचं फिरतं टोक) रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सपर्यंतचं अंतरही कमी. न कापता बसवला तर अवजार वर घेताना एका जागी आतली नळी तळाला टेकते, आणि मग पूर्ण लिफ्टची ताकद शाफ्टमधून सरळ पीटीओच्या बेअरिंगवर जाते. आमच्या पाच फुटीच्या गिअरबॉक्समधून तेल गळत होतं. सील तीन वेळा बदललं. पण दोष सीलचा नव्हताच.

दोन अर्धे वेगळे करून एक पीटीओवर, एक गिअरबॉक्सवर चढवला. अवजार वर-खाली करत दोन्ही एका रेषेत आले तिथं थांबवलं, कारण अंतर सगळ्यात कमी तिथंच असतं. दोन्ही अर्धे शेजारी धरून खूण केली. पूर्ण आत गेल्यावरही इंचभर मोकळं राहिलं पाहिजे, आणि काम करताना नळी नळीत निदान एक तृतीयांश लांबी राहिली पाहिजे. आतली आणि बाहेरची नळी सारखीच कापायची, प्लास्टिकचं कव्हरही तेवढंच. कानशीनं कडा मारून, धुऊन, ग्रीस. आणि जोडताना दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत. पाच फुटीचे आडवे-उभे बसवलेले निघाले, म्हणूनच तो चालताना थरथरायचा.

पीटीओ ५४० फेऱ्यांचा आहे तर तेवढ्यावरच. धुऱ्याशी वळताना रोटाव्हेटर थोडाच वर, जास्त उचलायचा तर आधी पीटीओ बंद. सांधा जास्त वाकला की कटकट आवाज येतो, तो आवाज म्हणजे थांबायचं.

सहा फुटीचा शिअर बोल्ट काढला तर हाय टेन्साइल निघाला. कुणीतरी "सारखा तुटतो" म्हणून कडक घातलेला. तो तुटावा म्हणूनच असतो. दगड लागला तर बोल्ट तुटावा, गिअर नाही. कंपनीच्या मापाचे मऊ बोल्ट आणले, दहाची पुडी टूलबॉक्समध्ये ठेवली.

कव्हर नसलेला शाफ्ट आखाड्यातून बाहेर जाणार नाही. रोटाव्हेटरमागं धसकटं वेचायला बायका येतात. पदराचं टोक त्या शाफ्टला लागलं तर सेकंदही मिळत नाही. वहिनींनी काल स्वतः येऊन तिन्ही कव्हरं फिरवून पाहिली, एक चिरलेलं होतं ते परत पाठवलं. यापुढं शाफ्ट त्या तपासणार, असं गटाच्या बैठकीत ठरलं.

२ मे

रंग झाले. मिनीला पिवळा, ३९ ला निळा, ५० ला लाल. अवजाराच्या मधल्या दांडीवर पट्टा. चालत असेल त्या प्रत्येक ट्रॅक्टरचा पट्टा, पट्टा नसेल तर जोडायचं नाही. नऊ फणींना निळा-लाल, पाच फणीला पिवळा, पलटीला फक्त लाल, पाच फुटीला फक्त निळा.

पाच फुटीला लाल का नाही, यावरून वाद झाला. ५० ला काय जड आहे? जड नाही, लहान आहे. ५० ची मागची चाकं बाहेरून बाहेर पाच फूट दहा इंच. पाच फुटीनं कसलेल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच इंच चाकाची दाबलेली माती उरते. वर गिअरबॉक्सवर ४० एचपीपर्यंत असं कोरलंय. सहा फुटी बरोबर चाकाच्या खुणा पुसतो. अवजार ट्रॅक्टरला मोठं होतं तसं लहानही होतं.

२६ मे

काल रोहिणी निघालं. दोन्ही पेरणी यंत्रं लावून पाहिली. दोन्ही दुसऱ्या वर्गातली, निळा-लाल पट्टा. बीबीएफ चाचणीला ३९ ला. हे यंत्र रुंद वरंब्यावर सोयाबीन टाकतं आणि कडेला सऱ्या काढतं. पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघतं, ताण पडला तर सरीत मुरलेलं उपयोगी येतं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं आमच्या भागात याचा पुष्कळ प्रचार केलाय. पण यंत्र डुललं तर वरंबा वाकडा आणि पुढं कोळपणीत रोपं कापली जातात. म्हणून इथं साखळ्या ताणून, बाजूला बोटभरच हलेल इतक्या. नांगराला याच साखळ्या सैल ठेवतो, त्याला थोडं वळायला जागा लागते. दोन्ही उभे रॉड सारख्या लांबीचे आहेत का ते टेपनं पाहिलं. डावा १४ मिलिमीटर आखूड निघाला. एवढ्यानंही एका बाजूचं बी खोल जातं.

१९ जून

मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला, पाच दिवस झोप नाही. ५० बीबीएफला, ३९ साध्या पेरणीला, मिनी तीन फुटीनं वरच्या मुरमाड तुकड्यांत. चुलतभाऊच मिनीवर. तो त्याच धुऱ्यावरून सोळा वेळा गेला. मी पहिल्या दोन वेळा खाली उभा राहून पुढची चाकं पाहिली, मग माझ्या कामाला लागलो.

आज दुपारी शेजारच्या शिवारातले एक जण स्वतःचा कल्टिव्हेटर घेऊन आले, ३९ भाड्यानं पाहिजे म्हणाले. मी ट्रॅक्टरखाली होतो. चुलतभावानं व्हर्नियर काढला, पिन मोजली. "काका, ही बावीसची हाय. बुश लावून देतो, दहा मिनिटं थांबा. आन फण अकरा हायत, दोन काढावे लागतील." ते कुरकुरले. मग थांबले.

राहिलेलं : वरचे बुश दोन कमी पडतात. पाच फणीच्या नव्या पिना मिस्त्रीकडून आणायच्या. ५० चा डावा बॉल सैल. मिनीच्या उजव्या टायरची आतली बाजू पुन्हा पाहायची.